मदत हवी आहे: मायनरला युरोपचा इतिहास अन् भाषा, घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे, धाकटी बहीण पुण्याला बीए करतेय, मेजर इकॉनॉमिक्स आहे आणि आता मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडायचाय तर तिला युरोपचा इतिहास, संस्कृती आणि सोबत एक भाषा असा विषय घ्यायचाय. अप्पांचं एकच, "हाई शिकीसन काय करशी?" आता त्यांना काय सांगू!

मला स्वतःला विषय आवडलाय. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या उपाशी बसल्या आणि आपल्या खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपलं की भाव धाडकन खाली. म्हणजे युरोपचा इतिहास आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतोच की. इकॉनॉमिक्सवाल्या पोरीला हे कामाचंच आहे, असं माझं मत.

खरा घोळ भाषेचा आहे. युरोपियन युनियनमध्ये देश २७ अन् अधिकृत भाषा २४, त्यातून जर्मन की फ्रेंच एवढ्यावरच गाडी अडलीय. मायनरच्या क्रेडिटमध्ये भाषा बी१ (मधली पातळी) पर्यंत जाते का ए२ (त्याखालची, सुरुवातीची पातळी) लाच थांबते? की जर्मन घेतली तर मॅक्सम्युलर भवनचा (जर्मन शिकवणारी संस्था) क्लास वेगळा लावावाच लागतो? आणि पुढे मास्टर्सला युरोपियन युनियनच्या इरास्मस मुंडस स्कॉलरशिपसाठी अशा मायनरचा खरंच उपयोग होतो का?

कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, फॉर्मची तारीख जवळ आलीय. अप्पांना पटेल असं काही असेल तर ते आधी सांगा 😅