एक्झोममध्ये टर्टच्या प्रमोटरचं म्युटेशन सापडत नाही

वणी_जीनोम: गालाच्या कॅन्सरच्या नमुन्यांचा एक्झोम, म्हणजे जीन्सचे प्रोटीनचा कोड असलेले भाग, तपासतो आहे. पेशंट यवतमाळकडच्या खेड्यांतले, बहुतेक खर्रा खाणारे. टिश्यू फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात जपलेला, म्हणजे पॅराफिन ब्लॉकमधला. टीपी५३, कॅस्प८ या जीन्सची म्युटेशनं मिळतात, पण टर्ट या जीनच्या प्रमोटरमधलं (जीन चालू-बंद करणाऱ्या भागातलं) सी२२८टी, म्हणजे सी च्या जागी टी, एकाही नमुन्यात नाही. एचजी३८ वर (मानवी जीनोमच्या नव्या संदर्भ आवृत्तीवर) १२९५२२८ या जागी सी चा टी शोधला. नाहीच असं धरू का?

मेळघाट_डेटा: जागाच चुकली भाऊ. सी२२८टी आणि तसंच दुसरं सी२५०टी, यांतले २२८ आणि २५० हे आकडे जुन्या आवृत्तीचे, एचजी१९ चे. एचजी३८ वर क्रोमोसोम ५ च्या १२९५११३ आणि १२९५१३५ या जागा बघा. टर्ट उलट्या स्ट्रँडवर आहे, म्हणून व्हीसीएफमध्ये (म्युटेशनच्या यादीच्या फाइलमध्ये) जी चा ए दिसेल. म्युटेक्ट२ या कॉलरला (म्युटेशन शोधणाऱ्या प्रोग्रामला) एक्झोम किटची बेड फाइल, म्हणजे तपासायच्या भागांची यादी, दिली असेल, तर प्रमोटर त्यात नसतोच. ही जागा वेगळी टाकून पुन्हा चालवा.

वणी_जीनोम: चालवलं. कॉल (म्युटेशनची नोंद) नाही, डेप्थ ६ ते १० रीड्स, म्हणजे त्या जागेवर डीएनएचे एवढेच वाचलेले तुकडे. बॅम फाइल्स (सगळ्या रीड्सच्या मोठ्या फाइल्स) दूरच्या सर्व्हरवर आहेत, इथं नेट मंद अन् लाइट कधीही जाते.

सेलू_पॅथ: मग 'निगेटिव्ह' लिहू नका, 'तपासता आलं नाही' लिहा. ब्लॉकमध्ये ट्यूमर ४० टक्के असेल, तर एका अ‍ॅलीलवरचं (जीनच्या दोन प्रतींपैकी एकीवरचं) म्युटेशन साधारण २० टक्के रीड्समध्ये येतं. १० रीड्समध्ये ते एकदाही न दिसण्याची शक्यता ११ टक्के, ६ मध्ये २६ टक्के. आणि एखाद्या रीडवर कॉलर भरवसा ठेवत नाही. या भागात जी आणि सी हे बेस फार, त्यामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतो आणि कव्हरेज (मिळणारे रीड्स) पडतं.

उलटा धोकाही आहे. फॉर्मलिनमुळे सायटोसिनचा (सी चा) युरासिल होतो आणि वाचताना सी चा टी दिसतो, म्हणजे हुबेहूब आपलं म्युटेशन. म्हणून १५० ते २०० बेसचा छोटा अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा तुकडा) घ्या, जीसी भाग निभावा म्हणून ५ टक्के डीएमएसओ घाला, डीएनएला आधी यूएनजी (युरासिल काढणारं एन्झाइम) द्या. मिथाइल सायटोसिनचा थेट थायमिन (टी) होतो, तो यूएनजीने जात नाही. त्यासाठी दोन वेगळे पीसीआर करा. दोन्हींत आलं तरच धरा. डीएनए कमी असेल तर दोन्हींवर फार विसंबू नका.

मेहनत वाया जाणार नाही. या एका बेसने ईटीएस गटाच्या प्रोटीनला बसायला नवी जागा तयार होते, त्या गटातलं जीएबीपी तिथं बसतं आणि बंद असलेलं टर्ट चालू होतं. प्रोटीनचा कोड मात्र जसाच्या तसा, म्हणून नुसते एक्सॉन बघून हे कधीच कळत नाही.

मेळघाट_डेटा: नेटचं म्हणाल तर अख्खी बॅम उतरवू नका. शेजारी बीएआय फाइल (बॅमची अनुक्रमणिका) असेल, तर सॅमटूल्स व्ह्यू या कमांडला थेट लिंक आणि क्रोमोसोम ५ चा १२९५००० ते १२९५३०० एवढाच भाग द्या. तेवढेच रीड्स येतात, मंद नेटवरही निभतं.