एसएमए असलेल्या बाळाची भूल

एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, हा स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार. या बाळांचे स्नायू आधीच लुळे, मग भूल देताना ते शिथिल करणाऱ्या औषधाची एवढी धास्ती का, असं कुणीही विचारेल. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारं औषध दिलं, तर त्या दुबळ्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदय बंद पडू शकतं. म्हणून ते टाळतातच. त्याच कामाचं दुसरं औषध, रोक्युरोनियम, चालतं, पण थोड्या मात्रेचाही असर लांबतो, त्यामुळे नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला हलका विजेचा झटका देऊन औषधाचा असर मोजणारं यंत्र) लावूनच.

खरी कसोटी मात्र श्वासाची नळी काढल्यावर. बरगड्यांमधले स्नायू कमजोर, खोकल्यात जोर नाही, श्वासाचा बहुतेक भार एकट्या श्वासपटलावर. मास्कमधून श्वासाला आधार देणारं बायपॅप यंत्र आधीच तयार हवं. आणि कळकळीने सांगतो, या बाळांचं रडणं क्षीण असलं तरी संवेदना पूर्ण शाबूत असतात. वेदनाशामक नीट द्या. मॉर्फिन तेवढं बेताने, श्वासावर नजर ठेवून.