आमदार मध्येच राजीनामा देतात आणि सरकार पडते. अशा वेळी मतदाराने काय करावे?

प्रश्न : लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षे मनात साचलेला उद्वेग येथे मांडतो आहे. २०१८ च्या निवडणुकीत आम्ही मतदान केले, तेव्हा मध्यप्रदेश विधानसभेच्या २३० जागांपैकी काँग्रेसला ११४ आणि भाजपाला १०९ जागा मिळाल्या. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, २० तारखेला काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ पायउतार झाले आणि २३ तारखेला भाजपाचे शिवराजसिंह चौहान यांचा शपथविधी झाला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर, इंदुरात करोनाची साथ वाढत असताना, मंत्रिमंडळात मुख्यमंत्र्यांखेरीज कोणीही नव्हते. राज्याला स्वतंत्र आरोग्यमंत्रीसुद्धा नव्हता. पहिले पाच मंत्री २१ एप्रिलला आले.

याच काळात आमच्या महानगरपालिकेची मुदत संपलेली होती आणि निवडणुका थेट जुलै २०२२ मध्ये झाल्या. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ वस्तीतील नळाची किंवा गटाराची तक्रार घेऊन जावे असा पार्षदच (नगरसेवकच) नव्हता, आणि आमदार पोटनिवडणुकीच्या धामधुमीत होते. आमच्या गल्लीतील जलवाहिनीचे काम या अवधीत तीन अधिकाऱ्यांच्या हाताखालून गेले आणि प्रत्येकाने ते नव्याने समजून घेतले.

मी कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नाही. ज्यांना संधी मिळाली त्या सर्वांनीच कुठे ना कुठे हे केले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की पक्षांतरबंदीचा कायदा असूनही हे घडते कसे, आणि पुढच्या निवडणुकीची वाट पाहण्यापलीकडे नागरिकाच्या हाती काही आहे का?

उत्तर १ : तुकोगंजचा वकील (इंदूर)

आपला उद्वेग रास्त आहे आणि तो आपल्या राज्याला नवा नाही. १९६७ मध्ये गोविंदनारायण सिंह ३६ आमदारांसह काँग्रेसमधून बाहेर पडले, द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले, आणि या सत्तांतरामागे आपल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांचे बळ होते. ते संयुक्त सरकारही दोन वर्षे पुरली नाहीत तोच विस्कटले, आणि त्यानंतर आलेले नरेशचंद्र सिंह दोन आठवडेही टिकले नाहीत.

कायदा आला तो १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय दिलेले होते. म्हणजे एकट्याने पक्ष सोडणे हा अपराध आणि घाऊक सोडणे मात्र क्षम्य. ९१ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये ही पळवाट बंद केली, तेव्हा राजीनाम्याची वाट रुळली. आमदाराने पक्षाविरुद्ध मतदान केले तर तो अपात्र ठरू शकतो, परंतु त्याने जागाच सोडली आणि विधानसभा अध्यक्षांनी राजीनामा स्वीकारला, तर सभागृहाचे संख्याबळ घटते, बहुमताचा आकडा खाली येतो आणि तो अपात्रही ठरत नाही. शिवाय घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार आमदार नसलेली व्यक्तीही सहा महिने मंत्री राहू शकते. २०२० मध्ये राजीनामा दिलेल्यांपैकी अनेक जण याच तरतुदीच्या आधारे मंत्री झाले. त्यांतील दोघांची मुदत पोटनिवडणुकीआधीच संपली, म्हणून त्यांना ऑक्टोबरमध्ये मंत्रिपद सोडावे लागले.

कर्नाटकात २०१९ मध्ये अध्यक्षांनी १७ आमदारांना विधानसभेच्या उरलेल्या कार्यकाळापुरते अपात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण कालावधी ठरवण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही असे सांगितल्यामुळे त्यांना लगेच पोटनिवडणूक लढवता आली. म्हणून माझ्या मते दुरुस्ती एकच हवी: कार्यकाळाच्या मध्यात राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेलेल्याला, तो पुन्हा निवडून आला तरी, पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मंत्रिपद मिळू नये.

उत्तर २ : मांडवीकर (वडोदरा)

वकीलसाहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे. मार्च १९९५ ते मार्च १९९८ या तीन वर्षांत आम्ही गुजरातेत केशुभाई पटेल, सुरेश मेहता, शंकरसिंह वाघेला आणि दिलीप परीख असे चार मुख्यमंत्री पाहिले आणि मध्ये राष्ट्रपती राजवटही. बंडखोर आमदारांना तेव्हा खजुराहोला, म्हणजे तुमच्याच राज्यात, नेऊन ठेवले होते.

मात्र राजीनाम्यावर कडक बंधन घालताना एक जुनी गोष्ट विसरू नये. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात, म्हणजे महागाई व भ्रष्टाचाराविरुद्ध विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आंदोलनात, आमच्याकडे आमदारांच्या घरांवर मोर्चे नेऊन त्यांच्याकडून राजीनामे घेतले गेले. त्यानंतरच ३३ वी घटनादुरुस्ती झाली आणि राजीनामा स्वेच्छेचा व खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. हा अधिकार आजही आहे, पण अध्यक्ष स्वतः एखाद्या पक्षाचे असतात, त्यामुळे तो कसा वापरला जाईल हे सत्ता कोणाची आहे त्यावर ठरते. मला खरी दुखरी नस ही वाटते.

उत्तर ३ : मुरारची शिक्षिका (ग्वाल्हेर)

काका, मतदाराच्या हाती काहीच नसते असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांवर पोटनिवडणूक झाली. आपल्या जिल्ह्यातील तीन जागांपैकी ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा येथे पक्ष बदललेले उमेदवार पराभूत झाले. डबऱ्याच्या उमेदवार तर तेव्हा मंत्री होत्या. त्याच दिवशी इंदूरजवळच्या सांवेरमध्ये मात्र पक्ष बदललेले उमेदवार ५३ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. दोन्ही निकाल मतदारांनीच दिले आहेत. सांवेरच्या मतदाराला ते पक्षांतर मान्य होते की त्याने केवळ सत्तेतील आमदार निवडला, याचा विचार आपण कधी करणार? उमेदवार दारात आला की ‘पाच वर्षे याच पक्षात राहाल का’ हा प्रश्न मी विचारते. उत्तर टाळले जाते, पण शेजारच्यांना ते ऐकू जाते.

लष्करवासी

ताई, आपला प्रश्न मीही विचारीन. वकीलसाहेब, आपल्या राज्यात नगरपालिका अध्यक्षाला परत बोलावण्यासाठी ‘खाली कुर्सी, भरी कुर्सी’ असे मतदान होत असे (रिकामी खुर्ची म्हणजे अध्यक्षाला हटवा, भरलेली म्हणजे राहू द्या). आमदारांसाठी तशी सोय का असू नये?

तुकोगंजचा वकील

घटनेत आमदारांसाठी तशी तरतूद नाही, त्यामुळे घटनादुरुस्ती लागेल. दुसरे असे, की त्या मतदानाची मागणी मतदार करू शकत नसत. तीन चतुर्थांश पार्षदांनी लेखी प्रस्ताव दिल्यावरच ते होई. म्हणजे किल्ली पुन्हा फुटू शकणाऱ्या प्रतिनिधींकडेच राहिली. आमदारांसाठी ही सोय मागायची असेल, तर प्रस्ताव मांडण्याचा हक्क थेट मतदारांच्या सह्यांवर ठेवा, आणि निवडून आल्यापासून निदान दोन वर्षे तो वापरता येऊ नये अशी अट घाला. तसा मसुदा आपण लिहिला, तर मी तो आनंदाने तपासून देईन.