कामगार कायदा सरकारच्या विचाराप्रमाणे वाकतो

हिंगणघाटकर : २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे गेले. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारी परवानगी १०० माणसांपासून लागायची, आता ३०० पासून. संपाला मात्र सगळीकडे १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्यांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच. सरकारला मालकाची भीड आहे, हे यातून दिसतं.

जिनिंगवाला : भाऊ, ३०० आजच्या सरकारनं शोधलेला नाही. १९७६ ला आणीबाणीत ही अट आली तेव्हा आकडा ३०० च होता, १९८२ च्या दुरुस्तीनं १०० झाला. समाजवाद बोलणारं सरकार होतं ते, अन् संपकऱ्यांना तुरुंगात टाकणारंही तेच. आमचं जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. कापूस दिवाळीला येतो, उन्हाळ्यात यार्ड रिकामं. बाराही महिने माणसं कशी पोसायची?

हिंगणघाटकर : इतिहास मान्य. पण हंगामी कारखान्यांना ती परवानगी १९७६ पासूनच लागत नव्हती. जिनिंगचं उदाहरण इथं बसत नाही.

आर्वीचा : अन् एकट्या पक्षाच्या माथी मारू नका. आमच्या आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ ला भारतीय मजदूर संघ हा कामगार संघटनांचा संघ काढला. सत्ताधाऱ्यांच्याच विचारातला, तरी या चारपैकी औद्योगिक संबंध संहितेतल्या तरतुदींना त्यानं हरकत घेतली.

मजुराची मुलगी : १०० की ३००, आम्हाला काय? आमच्या मुकादमाकडं, म्हणजे ठेकेदाराकडं, ३५ जण. १९७० च्या केंद्रीय कायद्यात ठेकेदाराला २० मजुरांपासून परवाना घ्यावा लागे, नव्या संहितेत ५० पासून. आईचं बोट रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, गेलं तेव्हा मालक म्हणे ठेकेदाराची बाई, ठेकेदार म्हणे कारखान्याचं यंत्र. दवाखान्याचे पैसे आम्हीच उसने आणले. ज्या कागदावर ठेकेदाराचं नाव चढतं, तोच कागद काढून टाकला तर दाद कोणापाशी मागायची?

जिनिंगवाला : ताई, हे चुकलंच, यंत्र ज्याचं त्यानं भरपाई द्यायला पाहिजे. हंगामी सवलतीचंही मी लिहायला हवं होतं. पण ५१ टक्के कामगार सभासद असलेल्या एकाच युनियनशी बोलणी करायची, हे नव्या संहितेतलं कलम मला पटतं. चार झेंड्यांशी चार वाटाघाटी करून कोणाचंच भलं झालं नाही.

मजुराची मुलगी : ते ५१ टक्के कारखान्याच्या हजेरीपटावरचे मोजतात. आईचं नाव मुकादमाच्या वहीत आहे.