ओल्या जमिनीत आत्ताच कुळव घालावा का?

प्रश्न: वसंतातल्या भाजीपाल्यासाठी अर्धा एकर तयार करायचा आहे. जमीन ओलसर आहे. कुळव (माती भुसभुशीत करायचं अवजार) चालवून शेणखत घालू का?

उत्तर: वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी होईपर्यंत थांबा, घाई अजिबात नको. वीतभर खोलची माती मुठीत दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर कुळवा, चिकट राहिला तर नको. ओल्यात कुळवलेली ढेकळं वाळून टणक होतात, खाली माती दबते आणि मुळं अडतात. चिकण जमिनीत हे हमखास होतं.

उत्तर: शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. काडीकचरा असलेलं कच्चं खत कुजताना जिवाणू मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढतात, रोपं पिवळी पडतात.

उत्तर: तोवर जुनं बियाणं तपासा. 20 बिया ओल्या फडक्यात, उबेत ठेवा. 10च उगवल्या तर दुप्पट पेरा. मिरचीला मात्र वेळ जास्त द्या.