सेमी-इंग्रजीच्या वर्गात मराठी किती आणि कशासाठी?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, माध्यमिक शाळा

तालुक्याच्या गावातील एका अनुदानित शाळेत मी आठवीच्या सेमी-इंग्रजी तुकडीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे सेमी-इंग्रजी आठवीपासून सुरू होते, त्यामुळे सातवीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलांच्या हाती जूनमध्ये एकदम इंग्रजी पुस्तक पडते. मागच्या आठवड्यात घनता शिकवताना मी व्याख्या इंग्रजीत सांगितली, फळ्यावर लिहिली आणि मुलांनी ती एका सुरात म्हटलीही. परंतु एवढासा लोखंडी खिळा पाण्यात बुडतो आणि भला मोठा ओंडका तरंगतो तो का, असे इंग्रजीत विचारताच वर्ग गप्प झाला. तोच प्रश्न मराठीत विचारल्यावर एकाने सांगितले की ओंडका हलका असतो, दुसऱ्याने त्याला तो उचलून दाखवायला सांगितले, आणि पाच मिनिटांच्या त्या वादातून मुले आपणहून आकारमानापर्यंत पोहोचली. नेमके त्याच वेळी पर्यवेक्षक व्हरांड्यातून जात होते. पालक ही तुकडी इंग्रजीसाठी निवडतात, तेव्हा तासाला मराठी शब्द ऐकू येता कामा नये, अशी समज मला नंतर देण्यात आली. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असेही मला वाटत नाही, कारण दहावीला 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाचे उत्तर या मुलांना इंग्रजीतच लिहायचे आहे. मराठी केव्हा वापरावी आणि केव्हा थांबवावी, हे आपण कसे ठरवता?

उत्तर 1 : निवृत्त गणित शिक्षक

बाई, आधी माझी चूक सांगतो. कितीतरी वर्षे मी पुस्तकातील एक वाक्य इंग्रजीत वाचत असे आणि लगेच त्याचे मराठी सांगत असे. मुले हुशार असतात. मराठी येणारच आहे हे कळल्यावर इंग्रजी वाक्य चालू असताना ती खुशाल विश्रांती घेऊ लागली. वर्गात दोन्ही भाषा होत्या, पण इंग्रजी कोणीच ऐकत नव्हते. पुढे वेल्समधील सी. जे. डॉडसन यांनी 1967 मध्ये मांडलेल्या द्विभाषिक पद्धतीची माहिती मिळाली. ती मुळात परकी भाषा शिकवण्यासाठी आहे, परंतु तिच्यातील एक गोष्ट मी उचलली : वाक्य आधी इंग्रजीत, मग अर्थापुरती मराठी, आणि तेच वाक्य पुन्हा इंग्रजीत. शेवटची पायरी आपण घाईत गाळतो आणि तिथेच सगळे बिनसते.

दुसरे असे की, काही ठिकाणी मराठी शब्द इंग्रजीपेक्षा अधिक नेमका असतो. 'टेबल' म्हणजे पाढाही आणि तक्ताही; 'सेल' म्हणजे जीवशास्त्रात पेशी आणि विजेच्या धड्यात विद्युत घट; 'सोल्यूशन' म्हणजे द्रावण किंवा गणिताची उकल. अशा शब्दांपाशी अर्धा मिनिट मराठीत थांबलात तर पुढचे दोन तास वाचतात.

उत्तर 2 : एक पालक

आमच्यासारख्यांनी सेमी-इंग्रजी का निवडले, ते सांगतो. अकरावी शास्त्र शाखेत सगळे इंग्रजीतून असते आणि तिथे मुलगी बुजू नये, एवढाच हेतू होता. मराठी कानावर पडूच नये, असे आम्ही कोणी मागितलेले नाही. माझे शिक्षण मराठीतून झाले; मुलीला वर्गात मराठी शब्द एकदा तरी सांगितलेला असेल, तरच मी घरी तिच्या अभ्यासात डोके घालू शकतो.

उत्तर 3 : आश्रमशाळा शिक्षक, नंदुरबार जिल्हा

वरील चर्चेत मुलांची पहिली भाषा मराठी हे गृहीत धरले आहे. माझ्या वर्गात घरची भाषा पावरी किंवा भिली असते. या मुलांना 'आम्लारी' हा शब्द 'बेस' इतकाच परका आहे. मला पावरी कामापुरतीच येते. म्हणून मी प्रश्न देतो, मुलांना जोडीजोडीने त्यांच्या भाषेत बोलू देतो, नंतर एकाला मराठीत सांगायला लावतो आणि शेवटी आम्ही सगळे मिळून इंग्रजी वाक्य फळ्यावर तयार करतो. शिक्षकाला मुलांची भाषा येत नसली तरी तिला वर्गात जागा देता येते. वेळ जास्त लागतो, हे मात्र खरे.

उत्तर 4 : अध्यापक विद्यालयातील प्राध्यापिका

पर्यवेक्षकांशी बोलताना उपयोगी पडेल असे सांगते. घरची भाषा आणि माध्यमाची भाषा वेगळी असेल तेथे शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, यासाठी त्यांना प्रोत्साहन द्यावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटले आहे. 'इंग्रजी इंग्रजीतूनच' हा आग्रह आपल्याकडे परंपरेसारखा बोलला जातो, परंतु 1961 मध्ये युगांडातील मकेरेरे येथे झालेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेशी त्याचे नाव जोडले जाते आणि भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये त्याला सरळ भ्रम ठरवले. अर्थात धोरणाचा कागद पुढे करण्यापेक्षा मुलांच्या वह्या दाखवाव्यात, असे मला वाटते. आधी मराठीत वाद झालेल्या प्रश्नाची इंग्रजी उत्तरे आणि न झालेल्या प्रश्नाची उत्तरे शेजारी ठेवली की वेगळे काही बोलावे लागत नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. सरांची तिसरी पायरी काल करून पाहिली. मराठीतील वादानंतर 'द लॉग इज हेवियर, बट लेस डेन्स' हे वाक्य मुलांकडूनच आले आणि प्रत्येकाने ते स्वतः लिहिले. प्राध्यापिका बाईंनी सांगितल्याप्रमाणे वह्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.

अडचण मात्र भलतीकडेच आली. मी 'डेन्स'साठी घाईत 'दाट' म्हणून गेले. त्यावर मागच्या बाकावरील मुलाने विचारले की, तेल पाण्यापेक्षा दाट असते, मग ते वर कसे तरंगते? ओतताना संथ वाहणे वेगळे आणि घनता वेगळी, तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे 0.92 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, हे समजावण्यात उरलेला तास गेला. हा घोळ माझ्या मराठी शब्दाने केला होता आणि तो मराठीतच निस्तरावा लागला. उद्या वर्गात तेल, पाणी आणि मध घेऊन जाणार आहे.