शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने कोणती स्ट्रीमिंग सेवा घ्यावी : आधी नोंदी पाहाव्यात की आधी आवाज?

मंगळवार पेठकर

दोन महिन्यांपूर्वी माझा कॅसेट प्लेअर कायमचा बंद पडला. आतला पट्टा आता बाजारात मिळत नाही, असे सांगून दुरुस्ती करणाऱ्याने तो तसाच परत केला. त्यानंतर मुलाने घरातील सर्वांसाठी मिळून एक सशुल्क स्ट्रीमिंग सेवा घ्यायचे ठरवले आणि ती कोणती घ्यायची हे माझ्यावर सोपवले. मधल्या काळात चार सेवा वापरून माझे जे मत झाले, ते येथे मांडतो आणि जाणकारांनी ते खोडून काढावे अशी विनंती करतो. माझे म्हणणे असे की, हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याने सेवा निवडताना आवाजाचा दर्जा सर्वांत शेवटी पाहावा आणि नोंदी सर्वांत आधी पाहाव्यात. राग, ताल, बंदिशीचे शब्द आणि साथीदार यांपैकी कशावरूनही जेथे नीट शोध घेता येत नाही, त्या सेवेकडे कोट्यवधी गाणी असून आपल्याला त्यांचा उपयोग काय?

या सर्व सेवांची मांडणी गायक, अल्बम आणि गाणे या तीन रकान्यांवर उभी आहे. चित्रपटगीताला ती पुरते. ख्यालाला, म्हणजे राग विस्ताराने मांडणाऱ्या गायनाला, पुरत नाही. रागाला स्वतंत्र रकाना नसल्यामुळे तो गाण्याच्या शीर्षकात कोंबला जातो आणि तेथे रोमन लिपीतील स्पेलिंगांचा गोंधळ सुरू होतो. सावनी राग शोधला तर श्रावणावरची चित्रपटगीते पुढे येतात. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या आडनावात कोणी एक स्वर लिहितो, कोणी दोन लिहितो, कोणी नावाआधी 'पंडित' लावतो, आणि परिणामी एकच गायक तीन निरनिराळ्या पानांवर विखुरलेला सापडतो. रचनाकाराच्या रकान्यात बहुधा 'पारंपरिक' असे असते, काही वेळा गायकाचेच नाव असते आणि एकदा तर तेथे मला रागाचे नाव आढळले!

हे करता येत नाही असे नाही. प्राइमफोनिक ही पाश्चात्त्य अभिजात संगीताची सेवा ॲपलने २०२१ मध्ये विकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये ॲपल म्युझिक क्लासिकल हे स्वतंत्र ॲप आणले, त्यात रचनाकार, रचना, वाद्यवृंदाचा संचालक, एकल वादक अशा कोणत्याही बाजूने शोध घेता येतो. बर्लिनची इदाजिओ ही सेवा तर त्या संगीतासाठीच काढलेली आहे. बाखसारख्या पाश्चात्त्य रचनाकाराच्या श्रोत्याची गरज वेगळी आहे हे ज्यांना समजले, त्यांना ललिता गौरी रागाच्या श्रोत्याचीही गरज वेगळी आहे हे समजण्यास हरकत नसावी.

कोल्हापुरात बसून हा मुद्दा अधिकच टोचतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांना दरबारी आणल्यापासून या गावाच्या कानांना अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि जोड (दोन राग मिळून झालेल्या) रागांची सवय आहे. रायसा कानडा, खोकर, संपूर्ण मालकंस, बसंती केदार ही नावे घेऊन ऐकणारी माणसे येथे अजून आहेत. अशा श्रोत्याला याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची ललिता गौरी ऐकल्यावर लगेच मन्सूरांची ऐकायची असते. 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून पुढे आलेली, ध्यानधारणेसाठी बासरी त्याला नको असते.

दुसरी तक्रार सलगपणाची आहे. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ही एकाच मांडणीची दोन अंगे दोन स्वतंत्र गाणी म्हणून नोंदवलेली असतात, आणि गाण्यांचा क्रम पिसण्याची सोय चुकून चालू राहिली की आधी द्रुत, मग दुसऱ्याच कोणाचा तराणा आणि शेवटी विलंबित असा प्रकार घडतो.

जवारी (राजारामपुरी)

आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. नोंदी नसतील तर त्या आपण वहीत करू शकतो. जो आवाज गाळला गेला तो मात्र कोणत्याही वहीत सापडणार नाही. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे तपशिलात सांगतो.

सीडीवरील आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट या दराने साठवलेला असतो. स्पॉटिफायवर बराच काळ ३२० किलोबिट ही वरची मर्यादा होती, यूट्यूब म्युझिकवर ती २५६ आहे, आणि फुकट ऐकणाऱ्यांना त्याहूनही कमी मिळते. हा आकडा खाली आणताना कानाला फारसे जाणवणार नाही असे समजून काही भाग टाकून दिला जातो. ढोलकी आणि गिटारच्या गदारोळात तो खरोखरच जाणवत नाही, पण शास्त्रीय मैफलीत सतत काय वाजत असते? तंबोरा. जवारी (तारेला गुंजन देणारी जुळणी) लावलेल्या तारेतून सुटणाऱ्या वरच्या स्वरांशांच्या झुळुकीवर गायकाचा षड्ज टेकलेला असतो. दर फार खाली गेला की नेमकी तीच झुळूक खरखरीत आणि पाणचट होते. विलंबितात समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी गायक क्षणभर थांबतो, त्या शांततेत हा फरक उघडा पडतो.

ॲपलने जून २०२१ पासून कोणताही भाग न गाळलेला आवाज जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. माझ्या मते शास्त्रीय श्रोत्याने प्रथम हे पाहावे, आणि सेवा कोणतीही घेतली तरी दोन गोष्टी बंद कराव्यात. एक गाणे दुसऱ्यात मिसळवणारी सोय बंद करावी, कारण विलंबिताची शेवटची सम तिच्यात बुडते. सर्व गाण्यांची पातळी समान करणारी सोयही बंद करावी, कारण आपण केलेल्या यादीतून ऐकताना शांत आलाप आणि जोरकस द्रुत यांना ती एकाच उंचीवर आणून ठेवते.

मंगळवार पेठकर

सोयी बंद करण्याची सूचना आजच अमलात आणतो. मूळ मुद्द्यावर मात्र दोन शंका आहेत. माझ्या ऐकण्यातील निम्मे संगीत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेले आहे; तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करण्याची ती कला आहे, आणि मुळातच मर्यादित स्वरपट्टा व खरखर असलेल्या त्या तबकडीचा एकही कण न गाळता दिला, तर मला मिळेल ती खरखरीची निष्ठावंत प्रत. दुसरे असे की, हल्ली घरोघरी ब्लूटूथची यंत्रे आहेत, आणि नेहमीच्या ब्लूटूथमधून आवाज पुन्हा दाबूनच जातो. मग वर्गणीत आलेला दर्जा कानापर्यंत पोहोचतो कोठे?

जवारी (राजारामपुरी)

ब्लूटूथचे म्हणणे मान्य आहे. वायरचा हेडफोन घ्यावा, तो वर्षभराच्या वर्गणीहून स्वस्तही मिळतो. तबकडीबद्दल मात्र मान्य नाही. आधीच मोडकी वस्तू पुन्हा मोडू नये, एवढेच मी म्हणेन. खरखर आणि तंबोरा यांतला फरक आपला कान ओळखतो, आवाज दाबणाऱ्या गणिताला तो ओळखता येत नाही. दाबताना कधी कधी तंबोराच आधी जातो.

काळी पाच

मी गाणे शिकवते, आणि आपण दोघेही सशुल्क सेवा घ्यायचीच हे धरून बोलत आहात याचे मला आश्चर्य वाटते. माझ्या विद्यार्थिनींना मी यूट्यूबच वापरायला सांगते, आणि ते केवळ फुकट आहे म्हणून नव्हे.

जयपूर घराण्याचे मोठे संगीत व्यावसायिक ध्वनिमुद्रणांत फार थोडे आहे. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे घराण्याच्या मुळाशी कोणतीच सेवा आपल्याला नेऊ शकत नाही. पुढच्या पिढ्यांचे जे उत्तम आहे त्यातील बरेचसे खासगी मैफलींत कोणीतरी टेपवर घेतलेले आहे, आणि ते संग्राहकांनी यूट्यूबवर चढवले आहे. सशुल्क सेवांवर याच घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांच्या नावापुढे जे थोडेथोडके सापडते ते पाहावे आणि मग यूट्यूबवर शोधून पाहावे, म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल. पेठकरांना ज्या नोंदी हव्या आहेत त्याही तेथेच मिळतात, फक्त रकान्यात नव्हे, तर खालच्या प्रतिक्रियांत. शीर्षकात राग चुकीचा लिहिलेला असतो, पण तिसऱ्या-चौथ्या प्रतिक्रियेत एखादा जुना श्रोता तो दुरुस्त करतो, ताल सांगतो, बंदिशीचा अंतराही लिहून देतो.

आणखी एक सोय शिकणाऱ्यासाठी अमूल्य आहे. स्वर न बदलता गती पाऊणपट किंवा निम्मी करता येते. जयपूरच्या तानेत स्वर जोडीने, वळसे घेत जातात. ती तान सावकाश ऐकली की मुलींना ती कोठून वळते हे कळते. आवाजाचा दर्जा जवारींना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण षड्ज कसा लागावा हे मुली माझ्या समोरच्या तंबोऱ्यावर शिकतात, फोनवर नव्हे.

मंगळवार पेठकर

ताई, प्रतिक्रियांतून राग शोधायचा म्हणजे तो आधी ऐकावा लागतो. माझी अडचण ऐकण्याआधीची आहे. शिवाय वर्गणी न भरता यूट्यूब ऐकताना बढत (रागाचा हळूहळू होणारा विस्तार) रंगात आली असताना मध्येच येणारी जाहिरात मी तरी सहन करू शकत नाही. आणि हक्काच्या वादामुळे तेथील मुद्रणे एका रात्रीत नाहीशी होतात, त्याचे काय करावे?

रंकाळा

नाहीसे होण्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती केवळ यूट्यूबला लावू नये. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले, रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेले, विंक त्याच वर्षी आवरले गेले. त्यांवर वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांचे काय झाले असेल याचा विचार करावा. वर्गणी हे भाडे आहे. घर आपले होत नाही. म्हणून माझे मत तुम्हा तिघांच्याही विरुद्ध आहे: कोणतीच सेवा घेऊ नये, आणि महिन्याचे ते शंभर-दोनशे रुपये साठवून गाणे समोर बसून ऐकावे. ज्या गावात गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून उभी आहे, तेथे हा सल्ला कोणाला विचित्र वाटू नये.

आपली वर्गणी कलाकाराला पोहोचते, या समजुतीवरही थोडे बोलावे लागेल. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक वेळ मोजली जाते, म्हणजे पन्नास मिनिटांचा ख्याल आणि दोन मिनिटांचे गाणे यांची किंमत एकच. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या मुद्रणाला तेथे मानधनच नाही. खोकर रागाचे एखादे मुद्रण वर्षात हजार वेळा ऐकले जाईल, असे आपल्याला वाटते का? जुन्या तबकड्यांचा प्रश्न तर याहून सोपा आहे. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणून १९६० च्या आधी प्रसिद्ध झालेल्या तबकड्या आता सर्वांच्या आहेत. त्या ऐकण्यासाठी भाडे कशाला भरावे?

घरी ऐकायचेच असेल तर आकाशवाणीची रागम् ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देत आहे, फोनवर विनामूल्य ऐकता येते, आणि निवेदक राग, ताल व साथीदार नावानिशी सांगतो. पेठकरांना हवे ते सारे तेथे आहे.

मंगळवार पेठकर

साथीदारांची नावे ऐकून बरे वाटते, हे खरे. परंतु रागम् मला जे द्यायचे ते देते, मागितलेले देत नाही. मैफलीबद्दल वाद नाही, पण मैफल आठवड्याला होत नाही आणि मला रोज पहाटे ऐकायचे असते. मानधनाबद्दल जे आपण लिहिलेत त्याने मात्र मी अस्वस्थ झालो. मी आजवर समजत होतो की, निदान पैसे भरून ऐकणारा तरी गायकाचे ऋण फेडतो.

जवारी (राजारामपुरी)

एक गोष्ट राहिली. पुण्याला जाताना साडेपाच तासांत घाटात आणि काही पट्ट्यांत रेंज जाते, तेव्हा उतरवून घेण्याची सोय असलीच पाहिजे. ३२० किलोबिटने तासाभराचे गाणे सुमारे १४४ मेगाबाइट होते, न गाळलेले त्याच्या दुपटीहून अधिक जागा घेते. फोन लहान असेल तर प्रवासापुरता माझा हट्ट मी सोडतो.

काळी पाच

माझी बाजू मी सोडत नाही, पण थोडी आखडती घेते: शिकणाऱ्याने यूट्यूब घ्यावे, आणि पेठकरांसारख्या शिकून झालेल्या श्रोत्याने जेथे रागाचे नाव टाकल्यावर निदान पहिल्या पाचांत तो राग येतो ती सेवा घ्यावी. तपासणीसाठी सोपा राग टाकू नये. भूप आणि यमन सगळीकडे सापडतात.

मंगळवार पेठकर

हीच कसोटी मी काल लावली. सावनी, रायसा कानडा, ललिता गौरी आणि जैतश्री असे चार राग चारही सेवांवर शोधले. चारच्या चार राग पहिल्या पाचांत आले अशी एकही सेवा निघाली नाही. एकीत तीन आले, ती एका महिन्यासाठी घेतली आहे. तिचा आवाज जवारींच्या मापात बसणारा नाही, हे मान्य करतो, आणि यूट्यूब फोनवरून काढलेले नाही. उरलेला भार माझ्या वहीवर आहे. १९८४ पासून प्रत्येक कॅसेटची नोंद मी त्यात केली आहे, आणि आता तेच रकाने या सेवेतील मुद्रणांसाठी पुढे आखतो आहे.

काळी पाच

वही आहे हे वाचून आनंद झाला. आपल्याकडे मन्सूरांच्या जुन्या कॅसेटी असतील, तर एक विचारते. त्यांवर तबल्याला कोण होते ते आपल्या वहीत आहे का? माझ्याकडच्या प्रतींवर नाव नाही, आणि आपण आत्ताच्या सेवांना याच बाबतीत नावे ठेवली आहेत.

मंगळवार पेठकर

आत्ताच वही काढून पाहिली. तबलासाथीचा रकाना मी पहिल्या पानापासून आखलेला आहे. मन्सूरांच्या अकरा कॅसेटींपैकी चार ठिकाणी तो भरलेला आहे आणि सात ठिकाणी रिकामा आहे, कारण कॅसेटच्या कागदावरच कोणाचे नाव छापलेले नव्हते.